क्रूझला अकरा दिवस उरलेत आणि एक जण गळाली: आता नेमकं काय करायचं?

पहाटे पावणेसहाला कोल्हापुरात रंकाळ्याच्या कठड्यापाशी आम्ही काही जणी उभ्या होतो. आमच्या माई अजून आल्या नव्हत्या. त्यांना कधी उशीर होत नाही, म्हणून मीच फोन लावला. पलीकडून दवाखान्यातला गलका ऐकू आला आणि मग माईंचा आवाज. "सासूबाई रात्री बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन आहे. मी काय येत नाही गं आता. तुम्ही जावा. माझे पैसे गेले तर गेले."

मुंबईहून गोव्याला जाणारं आमचं जहाज अकरा दिवसांवर आलं होतं. चार केबिन, आठ जणी आणि वर्षभर भिशीतून बाजूला काढलेले पैसे.

पुढच्या काही तासांत मी दोन चुका केल्या. ग्रुपवर "माई येत नाहीत" असा मेसेज टाकला आणि दहाच्या ठोक्याला एजंटला फोन करून सांगितलं, "एक नाव काढून टाका." संध्याकाळी एजंटचा निरोप आला की माईंच्या केबिनमधल्या अक्कांना आता एकटीचा दर लागेल, वरचे पैसे दोन दिवसांत भरा. अक्का अडुसष्ट वर्षांच्या, नवऱ्याच्या निम्म्या पेन्शनवर राहणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मी पण राहते की घरी." एकीचं येणं अडलं होतं ते सासूबाईंच्या दुखण्यामुळे. दुसरीचं अडणार होतं ते माझ्या घाईमुळे.

ते प्रकरण निस्तरायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत आणि नंतरच्या सहलींत जे शिकले, ते इथे क्रमाने सांगते. रंकाळ्याचा ग्रुप असो, शाळेतले मित्र असोत नाहीतर चार भावांची कुटुंबं, ग्रुपने क्रूझला निघालेल्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल.

आधी हे समजून घ्या: जहाज केबिन विकतं

बसचं तिकीट माणसाचं असतं. एक जण आला नाही तर त्याची सीट रिकामी जाते, शेजारच्याचं काही बिघडत नाही. क्रूझचं तसं नाही. जाहिरातीत जो "माणशी दर" छापलेला असतो, तो केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेला असतो. त्यातला एक कमी झाला की उरलेल्याला दीडपट, काही ठिकाणी दुप्पटही दर लागू शकतो. यालाच सिंगल सप्लिमेंट म्हणतात. तिसऱ्या आणि चौथ्या बर्थचा दर मात्र पहिल्या दोघांपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो.

म्हणून कुणी गळालं की "ग्रुपमधून कोण गेलं" याआधी विचारायचं ते असं: "तिच्या केबिनमध्ये दुसरं कोण आहे?" खरा फटका त्या माणसाला बसणार असतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा गप्प बसलेला असतो.

पहिला तास: फोन ठेवल्यावर काय करायचं

एजंटला फोन करायचा नाही. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण सगळ्यात आधी हात तिकडेच जातो.

ज्याच्या घरी अडचण आली आहे, त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या. दवाखान्यात बसलेल्या माणसाला पैशांचा हिशोब विचारू नका, पण तीन गोष्टी त्याच दिवशी कळायला हव्यात. येणं नक्की रद्द आहे, की दोन दिवसांनी सांगता येईल? कारण काय आहे, आणि त्याचे कागद मिळतील का? आणि "माझ्या बुकिंगबाबत तू ठरव" असा अधिकार ते तुम्हाला देतात का? हा अधिकार बोलण्यात नको, साध्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये हवा. "माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्यायचं किंवा रद्द करायचं ते तू ठरव, मला विचारून" एवढं एक वाक्य पुरतं. पुढे विम्याला आणि एजंटलाही तो मेसेज दाखवता येतो.

मग फोन करायचा तो केबिनच्या जोडीदाराला. ग्रुपवर टाकण्याआधी, वेगळा. अक्कांना ती बातमी ग्रुपवरच्या सहा रडक्या चेहऱ्यांच्या खाली वाचायला लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांना सांगायचं एवढंच: "तुम्ही काही ठरवू नका. तुमचा खर्च वाढणार नाही, ते मी बघते." हे वाक्य तेव्हाच बोला, जेव्हा ग्रुप ते निभावणार याची तुम्हाला खात्री आहे. ती खात्री नसेल तर निदान "दोन दिवस थांबा" म्हणा.

ग्रुपवर मेसेज जायचा तो या दोघींशी बोलून झाल्यावर. त्यातही घरचं दुखणं किती सांगायचं, हे ज्याचं त्याला विचारून.

आणखी एक बारीक गोष्ट राहून जाते. बुकिंग कुणाच्या नावावर आहे? गळालेली व्यक्तीच लीड गेस्ट असेल, म्हणजे पहिलं नाव, मोबाइल नंबर आणि ईमेल तिचाच असेल, तर वेब चेक-इनचे ओटीपी तिच्या फोनवर जातात. आमच्या दोन केबिनचं बुकिंग माईंच्या ईमेलवर होतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या बाईला "ओटीपी सांगा" म्हणून मी तीनदा फोन केला. तसं करू नका. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून सगळे ईमेल आणि पीडीएफ स्वतःकडे पाठवून घ्या आणि संपर्काचा नंबर बदलता येतो का ते विचारा.

कागद उघडा, तारखा मोजा

आता बुकिंगची पावती आणि अटींचं पान समोर घेऊन बसा. सोबत वही घ्या. शोधायचं आहे ते असं.

जहाज सुटायला नेमके किती दिवस उरलेत? रद्द करण्याची कपात टप्प्यांनी वाढत जाते. लांब असताना थोडी, जवळ येईल तशी जास्त, आणि शेवटच्या टप्प्यात भाड्यातलं काहीच परत नाही. टप्पे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि सवलतीच्या दरात घेतलेल्या तिकिटाला कडक अटी असू शकतात, म्हणून दुसऱ्या कुणाचा अनुभव धरून चालू नका. तुम्ही आज टप्प्याच्या काठावर असाल, म्हणजे उद्यापासून कपात वाढणार असेल, तर मात्र निर्णय आजच घ्यावा लागतो. त्या एका बाबतीत घाई योग्य.

भरलेल्या रकमेची फोड काय आहे? भाडं, पोर्ट चार्जेस, कर, आधीच भरलेली टिप, सहलींचे आणि ड्रिंक्स पॅकेजचे पैसे, एजंटचं सेवाशुल्क, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. भाडं बुडालं तरी माणूस चढलाच नाही तर पोर्ट चार्जेस बहुतेक कंपन्या परत करतात. किनाऱ्यावरच्या सहली आणि पॅकेजेस सुटण्याच्या आधी वेगळी रद्द करता येतात, आणि त्यांचे नियम भाड्यापेक्षा पुष्कळदा सैल असतात. "शंभर टक्के कपात आहे" असं एजंट एका दमात म्हणतो, तेव्हा ती कशावर आहे ते विचारा.

नाव बदलता येतं का, कधीपर्यंत, किती पैसे भरून? बहुतेक कंपन्या सुटण्याच्या काही दिवस आधीपर्यंत नावबदल करून देतात, पण एक अट जवळपास सगळीकडे असते: केबिनमधलं निदान एक मूळ नाव तसंच राहिलं पाहिजे. दोन्ही नावं बदलली की ते नवं बुकिंग धरतात, आणि नवा दर लावतात.

केबिनचे चार रस्ते

इथे थांबून हिशोब करायचा. आकडे उदाहरणादाखल घेते. समजा माणशी भाडं ३०,००० रुपये, पोर्ट चार्जेस आणि कर ५,०००, एकूण ३५,०००. अकरा दिवस उरलेत, भाड्यावर पूर्ण कपात सुरू झाली आहे, आणि एकट्याने राहिल्यास भाड्याच्या निम्मे म्हणजे १५,००० जास्त लागतात.

पहिला रस्ता, नाव रद्द करणे. माईंना ५,००० परत, ३०,००० बुडाले. वर अक्कांच्या गळ्यात १५,०००. ग्रुपचं नुकसान ४५,०००.

दुसरा रस्ता, नाव तसंच ठेवणे. माई फक्त बंदरावर येत नाहीत, म्हणजे नो-शो होतात. माईंचे ३०,००० तसेही गेलेलेच आहेत. पण केबिन कागदावर दोघींची राहते, त्यामुळे अक्कांना बहुतेक वेळा वाढीव दर लागत नाही. नुकसान ३०,०००. पोर्ट चार्जेस नंतर मागून घ्यायचे.

तिसरा रस्ता, माईंच्या जागी दुसरं कुणी. नावबदलाचे समजा २,००० लागले, तर नुकसान तेवढंच.

चौथा रस्ता, अक्कांना दुसऱ्या दोघींच्या केबिनमध्ये तिसऱ्या बर्थवर घेणे आणि ती केबिन सोडून देणे. ऐकायला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि पूर्ण कपातीच्या काळात तोच सगळ्यात महाग पडू शकतो, कारण सोडलेल्या केबिनमध्ये अक्कांचं भाडंही बुडतं आणि नव्या बर्थचं वेगळं भरावं लागतं. दोन-तीन महिने हातात असतील, कपात थोडी असेल, तेव्हा हा रस्ता खरोखर चांगला. तेव्हाही जागा मिळेलच असं नाही. केबिनमध्ये वरचा पलंग रिकामा दिसत असला तरी जहाजाच्या त्या भागातल्या लाइफबोटींची माणसं मोजलेली असतात. ती संख्या भरली की तिसऱ्या माणसाला नकार मिळतो. भांडून उपयोग नाही, तो सुरक्षेचा नियम आहे.

म्हणून मी एजंटला सांगायला हवं होतं ते "नाव काढा" हे नव्हतं. विचारायला हवं होतं, आणि तेही ईमेलवर: "आमच्या या बुकिंगमध्ये एक प्रवासी रद्द झाल्यास परत किती मिळेल आणि उरलेल्या प्रवाशाला वाढीव किती लागेल? नावबदलाची शेवटची तारीख आणि शुल्क काय? प्रवासी बंदरावर आलाच नाही तर केबिनच्या दरात बदल होतो का? कृपया लेखी कळवावे. ही रद्द करण्याची सूचना नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. ते वाक्य तुमच्या बाजूने उभं राहतं. आमचं प्रकरण सुटलं ते एवढ्याच मुद्द्यावर, की मी फोनवर बोलले होते आणि लेखी सूचना कधी दिलीच नव्हती. एजंटच्या वरिष्ठांनी जुनं बुकिंग पूर्ववत केलं, पण त्यासाठी चार दिवस रोज फोन करावा लागला.

नो-शो ठेवायचं असेल तर दोन काळज्या घ्या. एक, विम्याचा दावा करायचा असेल तर कंपनी बुकिंग रद्द केल्याचा लेखी पुरावा मागू शकते, तेव्हा आधी विमावाल्यांना विचारा. दावा मोठा आणि पक्का असेल तर रद्द करणंच फायद्याचं ठरू शकतं. दोन, पॅकेजमध्ये विमानही असेल तर जाण्याच्या फ्लाइटला न येणाऱ्याचं परतीचं तिकीटही रद्द होऊ शकतं. ती व्यक्ती नंतर वाटेत येऊन मिळणार असेल तर हे आधी सांगून ठेवावं लागतं. आणि बंदरावर चेक-इनला विचारलं तर सरळ सांगा की त्या आजारपणामुळे येत नाहीयेत. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

बदली माणूस शोधताना

तिसरा रस्ता सगळ्यात स्वस्त, पण दहा दिवसांत निघू शकेल असं माणूस सापडणं सोपं नाही. आमची सहल नोव्हेंबरात होती. पोर्ले, कोडोली, शिरोळकडच्या ओळखीच्या बायकांना विचारलं तर सगळ्यांकडे ऊसतोड सुरू झालेली. शेवटी अक्कांच्या धाकट्या जाऊबाई गडहिंग्लजहून तयार झाल्या.

विचारताना क्रम असा ठेवा: आधी केबिनच्या जोडीदाराच्या माणसांतून. रात्री त्या खोलीत झोपायचं अक्कांना होतं, मला नव्हतं. केबिन म्हणजे आपल्या घरातल्या एका लहान खोलीएवढी जागा, त्यात दोन पलंग आणि न्हाणीघर. तिथे अनोळखी माणसाबरोबर चार रात्री काढायला लावणं बरं नव्हे. जोडीदाराने "नको" म्हटलं तर विषय तिथे संपला, मग कितीही पैसे वाचत असोत.

माणूस ठरलं की ओळखपत्र मागवा. नाव फोनवर विचारू नका, फोटो मागवा. जाऊबाईंच्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं आणि मतदार कार्डावर सासरचं. अक्कांनी मला सासरचं सांगितलं, मी तेच एजंटला कळवलं, आणि जाऊबाई मात्र आधार घेऊन निघणार होत्या. नशीब की महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. जे ओळखपत्र हातात घेऊन बंदरावर उभं राहायचं, त्यावरचंच स्पेलिंग बुकिंगवर हवं. अक्षराला अक्षर.

मुंबई ते गोवा अशा देशातल्या फेरीला सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपची फेरी असेल तर तिथल्या प्रवेशपरवान्यावर प्रत्येकाचं नाव असावं लागतं, त्यामुळे ऐनवेळचा बदल तिथे अडतो. याद्या पुढे गेल्या आहेत का, हे नावबदलाचे पैसे भरण्याआधी विचारा. सिंगापूरसारख्या ठिकाणाहून सुटणारी क्रूझ असेल तर पासपोर्ट हातात असलेलंच माणूस शोधा, आणि पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने असल्याची खात्री करा. व्हिसाही बघावा लागतो: जहाज मधे दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरलाच येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. आठवड्यावर आलेल्या परदेशी क्रूझला पासपोर्ट नसलेल्या माणसाला आशा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, भाची, सून, मुलगी यांपैकी कुणाला नेताना गरोदरपणाचा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारा. प्रवास संपेपर्यंत चोवीसाव्या आठवड्यात जाणाऱ्या बाईला बहुतेक क्रूझ कंपन्या जहाजावर घेत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात.

कोल्हापूर ते बंदर: बाकीची तिकिटं

क्रूझच्या गडबडीत लोक हे विसरतात आणि मग स्टेशनवर धांदल उडते.

रेल्वेचं कन्फर्म तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं, पण फक्त घरच्या माणसाच्या: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको. गाडी सुटायच्या निदान चोवीस तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज, तिकिटाची प्रत आणि नात्याचा पुरावा घेऊन जावं लागतं, आणि हा बदल एकदाच होतो. मैत्रिणीच्या जागी मैत्रीण चालत नाही. माईंच्या जागी अक्कांच्या जाऊबाई म्हणजे रेल्वेच्या हिशेबी परक्याच. म्हणून माईंचं एकटीचं तिकीट रद्द केलं आणि जाऊबाईंचं वेगळं काढलं. एका पीएनआरवर अनेक जण असले तरी एकाचंच रद्द करता येतं. नंतर उरलेल्यांच्या तिकिटाची नवी प्रत काढून घ्या.

विमानाने जात असाल, उजळाईवाडीहून किंवा पुणे-बेळगावहून, तर तिथे नाव बदलून मिळत नाही. पण तिकीट "नॉन-रिफंडेबल" असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत करणं विमान कंपनीला बंधनकारक आहे. ही रक्कम मागितल्याशिवाय सहसा कुणी काढत नाही. मागा.

ट्रॅव्हल्सवाल्याशी किंवा सतरा सीटर ठरवली असेल तर त्या गाडीवाल्याशी बोलून बघा. आपल्याकडे ओळखीवर बरंच जमतं. मुंबईत आदल्या रात्रीची खोली असेल तर तीही अशीच दोघींची असते, तिचाही विचार केबिनसारखाच.

पैसे कुणी सोसायचे

हा भाग अवघड आहे आणि म्हणूनच सगळे तो टाळतात. टाळला की मनात राहतो, आणि सहा महिन्यांनी कुठल्यातरी हळदीकुंकवात बाहेर येतो.

माझे नियम सांगते. केबिनच्या जोडीदाराला एक रुपयाही जास्त पडता कामा नये, कारण तिने काही केलेलं नाही. परत न मिळणारी रक्कम ही गळालेल्या माणसाची. हे ऐकायला कठोर वाटेल, पण कारण कितीही खरं असलं तरी तो बोजा न विचारता इतरांवर टाकता येत नाही. वाढीव एकटीचा दर टळलाच नाही, तर तोही तत्त्वतः गळालेल्या माणसाचा. पण दवाखान्याचा खर्च चालू असलेल्या घरी हा आकडा नेऊ नये. तिथे ग्रुपने आपणहून वाटून घ्यावा, आणि ज्याला जमत नाही त्याने गप्प राहिलेलं चालावं. आम्ही भिशीच्या पेटीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या, प्रत्येकीने आपण किती देऊ शकतो तो आकडा लिहून, नाव न घालता. अक्कांचं बुकिंग पूर्ववत झालं म्हणून ते पैसे लागले नाहीत आणि चिठ्ठ्या मी तशाच फाडून टाकल्या. कुणी किती लिहिलं होतं ते कुणालाच कळलं नाही, हे चांगलं झालं.

गाडी, खोली असा सामायिक खर्च आठांत धरला असेल तर गळालेल्या माणसाचा वाटा त्याच्याकडून घ्या. बदली माणूस आलं असेल तर त्याच्याकडून.

बदली माणसाने किती द्यायचे? माई म्हणाल्या, "फुकट ने तिला, माझे तसेही गेले." मी नाही म्हटलं. फुकट आलेलं माणूस सगळे दिवस दबून वागतं आणि माईंच्या मनात कुठेतरी तो आकडा राहतो. तसंच दहा दिवसांच्या बोलीवर, स्वतःची तारीख न निवडता येणाऱ्या माणसाकडून पूर्ण पैसे घेणंही बरोबर नाही. साधारण तीन चतुर्थांश रक्कम आणि नावबदलाचं शुल्क बदली माणसाचं, असं मी सुचवते. उदाहरणातल्या ३५,००० वर म्हणजे २६,००० च्या आसपास थेट माईंच्या खात्यावर, तुमच्या हातून नको. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट एजंटला नावबदल सांगण्याआधी बघा.

बुकिंग क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर असेल तर रिफंड आला म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत, बँकेला वेगळं कळवावं लागतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला कर) कापला असेल तर तो पॅन नंबरवर जमा झालेला असतो. रिफंडमध्ये दिसला नाही तर आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या कराच्या नोंदीत बघा, आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो.

विमा आणि कागदांची पिशवी

प्रवास विमा काढलेला असेल तर पॉलिसीत "ट्रिप कॅन्सलेशन" हे शब्द शोधा. स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, दवाखान्यात दाखल होणं, मृत्यू, अशी कारणं त्यात येतात. मन बदललं, ऑफिसात सुट्टी मिळाली नाही, ही सहसा येत नाहीत. जवळच्या नातेवाइकांच्या यादीत सासू-सासरे आहेत का, ते नीट वाचा. सगळ्या पॉलिसींत ते धरलेले नसतात, आणि आपल्याकडे अडचण तर तिथूनच येते. आधीपासूनचे आजारही पुष्कळदा वगळलेले असतात.

कंपनीला लगेच कळवा, कागद नंतर द्या. दाखल झाल्याची चिठ्ठी, तारीख आणि सही-शिक्क्यासह डॉक्टरांचं पत्र, डिस्चार्ज कार्ड, क्रूझच्या पैशांची पावती, रद्द केल्याचं किंवा आला नसल्याचं पत्र, किती परत मिळाले त्याचा पुरावा. दवाखान्यातून घरी जायच्या गडबडीत डॉक्टरांचं पत्र राहून जातं आणि नंतर त्यासाठी दोन खेपा पडतात. हे काम ग्रुपमधल्या कुणीतरी अंगावर घ्यावं. माईंकडे डबा घेऊन गेलेल्या वैनींनी ते घेतलं होतं. दावा विनाकारण अडवला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, मग विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे.

एजंटने रिफंड दाबून ठेवला असं वाटलं, तर आधी क्रूझ कंपनीकडून त्या बुकिंगचा रिफंड किती आणि कुठल्या तारखेला दिला हे लेखी मिळवा. भांडणाचा निम्मा निकाल त्या एका ईमेलने लागतो. तरीही हलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

निघायच्या आधी जोडीदाराचं बघा

बदली माणूस मिळालं नाही आणि जोडीदार एकटाच केबिनमध्ये राहणार असेल, तर त्याची केबिन बाकीच्यांपासून कुठे आहे ते बघा. वेगळ्या डेकवर असेल तर शेजारी आणता येईल का ते विचारा. रात्री एखाद्या वयस्कर माणसाला गरगरलं तर आतल्या फोनवरून कुणाला बोलवायचं, ते नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. जेवणाचं टेबल एकत्र मागून घ्या. ड्रिंक्स किंवा वायफायचं पॅकेज दोघींच्या नावाने घेतलं असेल तर तेही तपासा.

गळालेल्या माणसाला ग्रुपमधून काढू नका आणि फोटोंचा वेगळा ग्रुपही काढू नका. माईंना विचारलं होतं, फोटो टाकू का? "टाका की," त्या म्हणाल्या, "सासूबाईंनाच दाखवते, त्यांनी समुद्रातलं जहाज आतून बघितलेलं नाही." आम्ही जहाजावर होतो तेव्हा त्या दोघी दवाखान्यातल्या खाटेवर आमचे डेकवरचे फोटो मोठे करून बघत होत्या.

पुढच्या सहलीला आम्ही पैसे भरायच्या दिवशीच एक कागद केला. रंकाळ्याच्या कठड्यावर ठेवून आठही जणींनी सह्या केल्या. त्यात एवढंच आहे: कुणाच्या केबिनमध्ये कोण, कुणी गळालं तर जोडीदाराला जास्त पैसे लागणार नाहीत, प्रत्येकीने आपल्या जागी येऊ शकेल अशा एका माणसाचं नाव आधीच देऊन ठेवायचं, त्याच्या ओळखपत्राच्या फोटोसह, विमा सगळ्यांनी एकाच दिवशी काढायचा, आणि कुणाचाही फोन आला तरी एजंटला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही कळवायचं नाही, कपातीचा टप्पा त्याच दिवशी संपत नसेल तर. पहिली सही माईंची आहे.